मांसाची प्रत व प्रकाशाची कसोटी

शेळ्यामेंढ्यांच्या बाजारांत बोकडाची किंमत ठरविण्याची आपल्याकडील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. घेणारा जनावराच्या पाठीवरून हात फिरवितो, कमरेच्या हाडांवर अंगठा दाबून मांस किती चढलें आहे तें पाहतो, जनावर किंचित् उचलून वजनाचा अदमास घेतो आणि नगावर एक आंकडा सांगतो. पुष्कळ ठिकाणीं हा आंकडा उघड न बोलतां रुमालाखालीं बोटें दाबून कळविण्याची चाल असे. असा अदमास बांधणारा मनुष्य आपल्या कामांत बहुधा तरबेज असतो. त्याचा अंदाज चुकत नाहीं असें नव्हे; परंतु चुकला तर तो विकणाराच्या फायद्याचा क्वचितच ठरतो. ज्यानें वर्षभर जनावर पोसलें त्याच्यापाशीं या अंदाजास उत्तर देण्याचें कांहींच साधन नसतें.

दुधाच्या धंद्यांत एके काळीं हीच स्थिति होती. सन १८९० मध्यें अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथील प्राध्यापक बॅबकॉक यांनीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. पुढें स्वित्झर्लंडांतील गर्बर यांची नळी प्रचारांत आली, आणि दूध नुसत्या मापावर न विकतां फॅटवर विकलें जाऊं लागलें. आज गांवच्या दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या हातांत फॅट व एस. एन. एफ. यांच्या आंकड्यांची चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी नेहमीं खरीच असते असें कोणी म्हणणार नाहीं. पण वाद घालावयास निदान आंकडा तरी हातीं असतो. मांसाच्या बाबतींत असा आंकडा मिळूं शकेल काय, व मिळाल्यास तो कोणाच्या पदरांत पडेल, याचा विचार येथें करावयाचा आहे. मांस न कापतां, न जाळतां, केवळ त्यावर प्रकाश टाकून त्यांतील पाणी, चरबी व प्रथिनें सांगणारीं यंत्रें परदेशांत पुष्कळ वर्षें वापरांत आहेत. हातांत धरून नेण्याजोगीं लहान यंत्रेंही आतां विकत मिळतात. तीं आपल्या बाजारांत येण्यापूर्वीं त्यांस काय कळतें व काय कळत नाहीं हें शेतकऱ्यांनीं समजून घेतलेलें बरें.

प्रकाशावरून पदार्थाची परीक्षा करण्याच्या शास्त्रास वर्णपटशास्त्र म्हणतात. सूर्याचा किरण लोलकांतून गेला म्हणजे त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पडतात, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें या रंगांच्या पट्ट्यांत तापमापक ठेवून प्रत्येक रंगाची उष्णता पाहिली, तेव्हां तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें, तापमापक अधिक चढला. या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारें ३८० ते ७५० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहालाखावा भाग. त्यापुढें सुमारें २५०० नॅनोमीटरपर्यंत जो टापू आहे त्यांतील किरण मांसाच्या परीक्षेस विशेष उपयोगी पडतात.

याचें कारण असें कीं, प्रत्येक पदार्थ कांहीं ठराविक लांबीच्या लहरी गिळतो व बाकीच्या परत पाठवितो. पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा जो बंध आहे तो ९७०, १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून घेतो. चरबींतील कार्बन व हायड्रोजन यांचा बंध १२००, १७३० व २३१० च्या सुमारास, तर प्रथिनांतील नत्र व हायड्रोजन यांचा बंध २०५० ते २१८० च्या दरम्यान आपली खूण दाखवितो. ताज्या निव्वळ लाल मांसांत शंभर भागांपैकीं सुमारें पंच्याहत्तर भाग पाणी, वीस ते बावीस भाग प्रथिनें व उरलेल्यांत मुख्यतः चरबी असते. म्हणजे ज्या तीन वस्तूंनीं मांस बनलें आहे त्या तिन्हींच्या खुणा या एकाच टापूंत पडतात. दिव्याचा प्रकाश मांसावर पडतो, कांहीं आंत शिरतो, तंतूंवर आपटून विखुरतो व पुन्हां बाहेर येतो. बाहेर आलेल्या प्रकाशांत कोणत्या लहरी किती घटल्या हें यंत्र नोंदवितें. हें सर्व कांहीं सेकंदांचें काम आहे.

ही कल्पना शेतमालास प्रथम लावण्याचें श्रेय अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधनकेंद्रांतील अभियंते कार्ल नॉरिस यांजकडे जातें. अंडें न फोडतां त्याची प्रत कशी ओळखावी या प्रश्नापासून त्यांनीं आरंभ केला; पुढें धान्यांतील ओल मोजण्याचें काम हातीं घेतलें, आणि सन १९६८ मध्यें बेन-गेरा या सहकाऱ्यासह मांसाच्या पदार्थांतील पाणी व चरबी प्रकाशानें मोजण्यावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. पाण्याच्या खुणा इतक्या रुंद असतात कीं त्यांच्या छायेंत बाकीच्यांच्या खुणा बुडून जातात. पुराच्या पाण्यांत बांध कोठें आहे हें जसें वरून दिसत नाहीं, तशी कांहींशी ही स्थिति. नॉरिस यांनीं एकाच लहरीवर विसंबून न राहतां अनेक लहरींवरील वाचनें घेतलीं व त्यांच्या परस्पर फरकांवरून गणितानें उत्तर काढण्याचा मार्ग धरला. आजचीं यंत्रें हाच मार्ग शेंकडों लहरींवर चालवितात.

आतां या विषयांतील कळीचा मुद्दा. यंत्रास चरबी म्हणजे काय हें ठाऊक नसतें. त्यास ठाऊक असतो तो फक्त कमी-अधिक प्रकाश. त्यास शिकवावें लागतें. शंभर किंवा त्याहून अधिक नमुने घेऊन प्रत्येकाचें वाचन यंत्रावर करावयाचें, आणि मग तोच नमुना रसायनशाळेंत पाठवावयाचा. तेथें तो १०० ते १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टींत रात्रभर वाळवून पाण्याचें वजन काढतात. सॉक्स्लेट यांनीं १८७९ सालीं दाखविलेल्या उपकरणांत ईथरनें धुऊन चरबी वेगळी करतात. आणि कोपनहेगनच्या केल्डाल यांनीं १८८३ सालीं सांगितलेल्या रीतीनें नत्र मोजून, त्यास ६.२५ नें गुणून, प्रथिनांचा आंकडा बसवितात. हे खरे आंकडे व यंत्राचीं वाचनें यांचा मेळ गणितानें घातला म्हणजे एक सूत्र तयार होतें. त्यानंतर नवीन नमुना आला असतां यंत्र त्या सूत्रावरून उत्तर देतें. या शिकवणुकीस कॅलिब्रेशन म्हणतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, यंत्र हें रसायनशाळेपेक्षां कधींही अधिक खरें नसतें. तराजूवर ज्या माणसानें निष्काळजीपणें वजन केलें त्याची चूक यंत्र पुढें हजार वेळां करीत राहतें, आणि तीही मोठ्या ऐटीनें, दशांशस्थळासह. दुसरी, ज्या जातीचें मांस त्यास शिकविलें तेवढेंच तें जाणतें. काळ्या जमिनींत जन्म काढलेला शेतकरी मूठभर माती दाबून तींतील ओल बिनचूक सांगेल. पण मुरमाड जमिनींत तीच मूठ त्यास फसवील. यंत्राचें असेंच आहे. परदेशी मेंढ्यांच्या थंड केलेल्या मांसावर शिकलेलें यंत्र उस्मानाबादी बोकडापुढें ठेवलें तर तें उत्तर देणार नाहीं असें नाहीं; उत्तर देईलच, आणि हीच अडचण आहे.

शिकवणूक योग्य असेल तर या यंत्राचा कोठें उपयोग होतो? खिम्यांतील पाणी, चरबी व प्रथिनें यांच्या बाबतींत तें भरंवशाचें ठरलें आहे, कारण खिमा सर्वत्र सारखा असतो. अखंड तुकड्यावर वाचन कमी विश्वसनीय होतें. प्रकाश कांहीं मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आंत शिरतो आणि तेवढ्या ठिकाणीं चरबीची शीर आली कीं नाहीं यावर उत्तर अवलंबून राहतें. मांस कोवळें कीं चिवट, हें ओळखण्याचेही पुष्कळ प्रयोग झाले. शिजविलेल्या तुकड्यास कापण्यास किती जोर लागतो तें मोजून त्याशीं प्रकाशाचा संबंध जोडून पाहिला. परंतु हा संबंध कधीं बरा, कधीं अगदीं लेचापेचा आढळतो. चिवटपणा जनावराचें वय, स्नायूंतील संयोजक तंतु, कापल्यानंतरचा वेळ अशा अनेक कारणांनीं येतो आणि त्या सर्वांची खूण प्रकाशांत सारखी उमटत नाहीं. एका यंत्रानें चव, कोवळेपणा व ताजेपणा सर्व कांहीं कळतें असें सांगणारा विक्रेता भेटला तर त्याचें पत्रक बाजूस ठेवावें.

भेसळीसंबंधींही थोडें सांगितलें पाहिजे. जानेवारी २०१३ मध्यें आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्यानें गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या वड्यांत घोड्याचें मांस सांपडल्याचें जाहीर केलें व सर्व युरोपांत खळबळ उडाली. ही लबाडी उघडकीस आली ती डीएनएच्या परीक्षेनें; प्रकाशानें नव्हे. त्यानंतर प्रकाशाच्या साह्यानें भेसळ ओळखण्याचे पुष्कळ प्रयोग झाले. मिसळ मोठ्या प्रमाणांत असेल व ती कशाची आहे हें आधींच ठाऊक असेल तर यंत्र ती दाखवितें. थोडी मिसळ किंवा अनपेक्षित वस्तु त्याच्या नजरेंतून निसटते. प्रकाशाचें काम पहिली चाळणी धरण्याचें. निवाडा दुसऱ्या परीक्षेनें करावयाचा.

मांसाचा रंग ही मात्र प्रकाशाची स्वतःची जहागीर आहे. स्नायूंत मायोग्लोबिन नांवाचें लाल द्रव्य असतें. हवा न लागलेलें मांस जांभळट दिसतें, हवा लागली म्हणजे तें तेजस्वी लाल होतें, आणि फार वेळ उघडें राहिलें कीं तपकिरी पडतें. या तिन्ही अवस्थांत हें एकच द्रव्य निरनिराळ्या लहरी शोषितें, व त्यांचें परस्परांतील प्रमाण वर्णपटावरून काढतां येतें. याहून महत्त्वाचा प्रकार म्हणजे काळपट, हातास कोरडें लागणारें मांस. त्याचें मूळ शेतकऱ्याच्या दारापासून खाटकाच्या दारापर्यंतच्या प्रवासांत असतें, म्हणून तें जरा विस्तारानें सांगतों.

माती परीक्षणामुळें सामू हा शब्द आपल्या ओळखीचा झाला आहे. जिवंत जनावराच्या स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो. कापल्यानंतर स्नायूंत सांठविलेल्या ग्लायकोजेन या पिठूळ द्रव्याचें लॅक्टिक आम्ल बनतें व चोवीस तासांत सामू उतरून ५.५ ते ५.७ च्या सुमारास येतो. या आंबटपणामुळें मांसाचा रंग खुलतो व तें अधिक टिकतें. परंतु जनावर कापण्यापूर्वीं उपाशी, तहानलेलें, घाबरलेलें किंवा झुंजून थकलेलें असेल तर ग्लायकोजेन आधींच खर्च झालेलें असतें. मग आम्ल बनण्यास कांहीं उरतच नाहीं, सामू ६ च्या वर राहतो, मांस काळपट दिसतें, व त्यांत जंतु लवकर वाढून तें लवकर नासतें. शेळीची जात भित्री, त्यामुळें तिच्या मांसाचा सामू चढा राहिल्याचें निरनिराळ्या देशांतील प्रयोगांत आढळलें आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांत हा सांठा पुन्हां भरून येण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो. बाजाराच्या दिवशीं सकाळीं हिरवा पाला टाकल्यानें तो भरत नाहीं. टेंपोंत कोंबून, अनोळखी बोकड एकत्र बांधून, भर उन्हांत पाण्यावांचून नेलेल्या जनावराची जी हानि होते ती कोणतेंही यंत्र भरून काढीत नाहीं. तें फक्त ती उघडी करतें. सामूची अटकळ प्रकाशावरून बांधतां येते. पण टोंचून पाहण्याचें साधें सामूमापक याच कामास पुरेसें आहे व तें पुष्कळ स्वस्त पडतें.

आतां या आंकड्यांचा लाभ कोणास होतो तें पाहूं. ऑस्ट्रेलियांतून अमेरिकेस जें बिनहाडाचें गोमांस खिम्यासाठीं जातें तें २७.२ किलोच्या खोक्यांत भरलेलें असतें आणि शेंकडा ९० लाल मांस अशा हमीवर त्याचा सौदा होतो. हमीपेक्षां चरबी अधिक निघाली तर नुकसान, कमी निघाली तर लाल मांस फुकट गेलें असा हिशेब असतो. अशा व्यापारासाठीं कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर प्रकाशाचीं वा क्ष-किरणांचीं यंत्रें बसवितात. त्यांच्या आंकड्यामुळें कारखान्याचा फायदा होतो यांत शंका नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्यानें जनावर जिवंतपणींच नगावर विकलें त्यास या आंकड्याचें काय? त्याचा सौदा तर केव्हांच संपलेला असतो.

याच्या उलट उदाहरण डेन्मार्कचें. तेथील शेतकऱ्यांनीं १८८७ सालीं हॉर्सेन्स येथें डुकरांचा पहिला सहकारी कत्तलखाना काढला. पुढील काळांत तेथें प्रकाशाची सळई वापरांत आली. टोंकाशीं लहानसा दिवा व प्रकाश टिपणारा डोळा असलेली ही सळई पाठीच्या चरबींतून आंत खुपसतात. पांढरी चरबी प्रकाश पुष्कळ परत फेंकते, लाल स्नायु थोडा. त्यावरून चरबीचा थर किती मिलिमीटरचा आहे हें कळतें व शेंकडा लाल मांसाचा आंकडा बांधला जातो. हें पूर्ण वर्णपटशास्त्र नव्हे, त्याचें धाकटें भावंड म्हणावें. पण महत्त्वाची गोष्ट ही कीं, सोललेल्या धडाचें वजन व लाल मांसाचें प्रमाण या दोन आंकड्यांवर पैसे थेट डुकरें पाळणाऱ्या शेतकऱ्यास मिळतात. कारखाना सभासदांचा असल्यामुळें मोजमाप करणारा व पैसे घेणारा यांचें हित एकत्र आलें. आपल्या साखर कारखान्यांचे व दूध संघांचे सभासद असलेल्या वाचकांस यांतील मर्म उलगडून सांगण्याचें कारण नाहीं. त्यांतील खांचखळगेही ते जाणतातच.

आपल्याकडील परिस्थितींत तीन गोष्टी निराळ्या आहेत. एक, आपलें मटण गरम विकलें जातें. बोकड पहाटे कापला व दुपारच्या आंत संपला, असा बहुतेक दुकानांचा क्रम. परदेशी प्रमाणें चोवीस तास थंड ठेवलेल्या मांसावर बसविलेलीं आहेत. आणि उष्णमान बदललें कीं पाण्याच्या खुणा जागेवरून सरकतात, त्यामुळें गरम मांसाचें वाचन त्या सूत्रांत बसत नाहीं. दुसरी, शेळी आपली चरबी कातड्याखालीं किंवा स्नायूंत फारशी न सांठवितां मूत्रपिंडाभोंवतीं व आंतड्यांवर सांठविते. म्हणून बोकडाच्या मांडीवर प्रकाश टाकून त्याच्या पोसणीचा अंदाज लागणें कठीण. तिसरी, आपलें मटण हाडासकट तुकडे करून विकतात, आणि हाडाचा तुकडा वाचनांत आला कीं हिशेब बिघडतो.

या सर्वांचा विचार करतां आमचें मत असें आहे कीं, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांनीं आधीं मागणी करावी ती कांट्याची, वर्णपटाची मागाहून. जिवंत वजनावर उघड सौदा, व शक्य तेथें सोललेल्या धडाच्या वजनाची नोंद, एवढें झालें तरी रुमालाखालच्या आंकड्याचें निम्में बळ जाईल. (वजनावर विक्री सुरू होतांच जनावरास मीठ चारून पाणी पाजण्याचा मोह विकणारासही होईल, तेव्हां कांट्यापूर्वीं ठराविक वेळ दाणापाणी बंद ठेवण्याचा नियम दोन्ही पक्षांनीं मान्य करावा लागेल.) प्रकाशाचें यंत्र खिमा व डबाबंद पदार्थ करणाऱ्या कारखान्यांस आजच उपयोगी आहे. गोठ्यांतील मनुष्यास तें उपयोगी व्हावयाचें तर आधीं आपल्या जातींवर, आपल्या हवामानांत, गरम मांसावर त्याची शिकवणूक झाली पाहिजे.

हें काम एकट्यादुकट्याचें नाहीं, परंतु सोसायटीच्या आवांक्याबाहेरचेंही नाहीं. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर येथें पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. अशा संस्थांस शिकवणुकीसाठीं नमुने लागतात, आणि नुसत्या मांसाच्या तुकड्यापेक्षां ज्याची हकीकत ठाऊक आहे असा तुकडा त्यांस अधिक मोलाचा वाटतो. संस्थेशीं आधीं बोलणें करून सभासदांनीं प्रत्येक नमुन्यासोबत पुढील माहिती लिहून ठेवावी: जनावर उस्मानाबादी, संगमनेरी कीं गांवठी, मेंढी असल्यास दख्खनी कीं माडग्याळ, वय दांतांवरून, बोकड खच्ची कीं नाहीं, चरणीवरचें कीं खुराकावरचें, किती तासांचा प्रवास झाला, जिवंत वजन व सोललेल्या धडाचें वजन, आणि कापल्यानंतर किती वेळानें तुकडा काढला. तुकडा नेहमीं एकाच जागचा, शक्यतों पाठीच्या लांब स्नायूचा शेवटच्या दोन बरगड्यांमधील घ्यावा. वरची चरबी व पडदा काढून, हवा राहणार नाहीं अशा पिशवींत घालून बर्फावर ठेवावा. मात्र तो गोठूं देऊं नये, कारण गोठल्यानें तंतु फुटतात, वितळतांना पाणी गळतें व मांसावरून परत येणारा प्रकाश बदलतो. असा नमुना ताज्या मांसाच्या सूत्रास निरुपयोगी होतो. पिशवीवर शाईनें लिहिलेली चिठ्ठी बर्फाच्या पाण्यानें पुसली जाते, तेव्हां ती पेन्सिलीनें लिहून पिशवीच्या बाहेर दोऱ्यानें बांधावी.